सर्व्हर पडला, पण आधी संपलं काय?

साइट उघडत नाही म्हटलं की "डीडॉस झालाय" (म्हणजे अनेक यंत्रांवरून मारा करून सेवा बंद पाडलीय) अशी हाकाटी होते आणि पाठोपाठ "फायरवॉल लावा" असा सल्ला येतो. या दोन्हींच्या मध्ये एक प्रश्न राहून जातो आणि सगळा बचाव त्याच प्रश्नावर उभा असतो. आधी संपलं काय? लिंक भरली, पॅकेटं (डेटाचे तुकडे) हाताळता हाताळता कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) थकला, जोडण्यांचा तक्ता भरला, वेबसर्व्हरचे वर्कर (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रक्रिया) अडकले की डेटाबेसने मान टाकली? सेवा बंद पाडणारा हल्ला या साखळीतली सगळ्यात कच्ची कडी शोधतो. त्या कडीच्या मागे कितीही भक्कम भिंत बांधली तरी उपयोग नाही. गाळणी नेहमी त्या कडीच्या अलीकडे, ट्रॅफिक येतं त्या बाजूलाच बसवावी लागते.

निदान पाच मिनिटांत होतं, पण क्रम पाळायला हवा. आधी नेटवर्क कार्डावर सेकंदाला किती बिट आणि किती पॅकेटं येताहेत, हे दोन्ही आकडे पाहा. एक गिगाबिटच्या लिंकवर १५०० बाइटची पूर्ण लांबीची पॅकेटं सेकंदाला साधारण ८१ हजार मावतात. त्याच लिंकवर ६४ बाइटच्या सगळ्यात लहान फ्रेम आल्या तर त्या १४ लाख ८८ हजार मावतात. म्हणजे बँडविड्थचा आलेख निम्म्यावर दिसतोय म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. लहान पॅकेटांचा मारा असेल तर लिंक भरण्याच्या कितीतरी आधी राउटर किंवा कर्नल हात टेकतो. अशा वेळी अ‍ॅप्लिकेशन शांत दिसतं आणि कर्नलची आलेली पॅकेटं हाताळणारी सॉफ्टइंटरप्ट प्रक्रिया प्रोसेसरचा एखादा कोअर पूर्ण खाऊन बसलेली असते.

येणाऱ्या ट्रॅफिकचा आलेख लिंकच्या क्षमतेच्या किंचित खाली सपाट झाला असेल तर लिंक भरली असं समजा. खरं ट्रॅफिक किती पट जास्त आहे हे तुमच्या यंत्राला कळूच शकत नाही, कारण उरलेलं इंटरनेट पुरवठादाराच्या राउटरवरच गळून जातं. तो आकडा पुरवठादारालाच विचारावा लागतो.

लिंक मोकळी असेल तर लिनक्सच्या एसएस या आज्ञेने सिन-रिसीव्ह अवस्थेतल्या, म्हणजे अर्धवट राहिलेल्या जोडण्या मोजा, मग कर्नलचा लॉग वाचा आणि शेवटी वेबसर्व्हरच्या लॉगमधून सगळ्यात जास्त मागितल्या जाणाऱ्या पानांचे पत्ते काढा. सोबत टीसीपीडम्प या पॅकेटं टिपणाऱ्या साधनाने हजार-दोन हजार पॅकेटं फाइलमध्ये साठवून ठेवा. ती वाचताना आयपी पत्त्यांवरून नावं शोधण्याची सोय बंद ठेवायची, नाहीतर प्रत्येक पत्त्यामागे डीएनएसकडे (नावं आणि आयपी पत्ते जुळवून देणारी सेवा) एक चौकशी निघते आणि आधीच गुदमरलेल्या लिंकवर आपणच भर घालतो. पुरवठादार पहिल्याच फोनवर हा नमुना मागतो. हल्ला ओसरल्यावर तो घेता येत नाही.

सिन फ्लड आणि त्रेसष्ट सेकंद

सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कमधली पॅनिक्स ही इंटरनेट सेवा सिन फ्लडने कित्येक दिवस विस्कळीत केली होती. हा प्रकार आजही जिवंत आहे आणि नीट समजून घेतला तर बाकीचे हल्लेही पटकन उलगडतात.

टीसीपी म्हणजे आधी जोडणी पक्की करून मग डेटा पाठवण्याची पद्धत. ही जोडणी तीन पावलांत होते. समोरचा सिन (जोडणीची विनंती) पाठवतो, सर्व्हर सिन-अ‍ॅक देतो, समोरून अ‍ॅक आलं की जोडणी पक्की. दुसऱ्या आणि तिसऱ्या पावलाच्या मध्ये सर्व्हर ती अर्धवट जोडणी एका रांगेत नोंदवून ठेवतो. हल्लेखोर खोट्या पत्त्यांवरून नुसते सिन पाठवत राहतो, त्यामुळे तिसरं पाऊल कधी पडतच नाही. लिनक्स सिन-अ‍ॅक पाच वेळा पुन्हा पाठवून पाहतो. प्रत्येक वेळी थांबण्याचा काळ दुप्पट होतो: १, २, ४, ८, १६ आणि शेवटी ३२ सेकंद. एकूण ६३ सेकंद ती जागा अडते. रांग १०२४ जागांची असेल तर ती भरलेली ठेवायला सेकंदाला सोळा-सतरा सिन पुरतात. कुठल्याही साध्या घरगुती जोडणीवरून एवढं ट्रॅफिक सहज निघतं. पुन्हा पाठवण्याची संख्या पाचवरून दोनवर आणली तर जागा ७ सेकंदांत मोकळी होते आणि हल्लेखोराला सेकंदाला सुमारे १४६ सिन लागतात. सुधारणा आहे, पण नुसत्या एवढ्याने भागत नाही.

खरा तोडगा डॅनियल बर्नस्टाईन यांनी १९९६ मध्येच सुचवला होता, तो म्हणजे सिन कुकीज. सर्व्हरने काही लक्षातच ठेवायचं नाही. सिन-अ‍ॅकमधला ३२ बिटांचा सुरुवातीचा क्रमांक असा तयार करायचा की त्यातच सगळं मावेल. त्यांच्या मूळ रचनेत ५ बिट कालगणकाचे, ३ बिट सेगमेंटच्या कमाल आकाराचे आणि २४ बिट पत्ते, पोर्ट व गुप्त किल्लीवरून काढलेल्या हॅशचे (सूत्राने काढलेली छोटी खूण). खरा ग्राहक असेल तर अ‍ॅकमध्ये हाच क्रमांक एकने वाढून परत येतो, सर्व्हर तो तपासतो आणि तेव्हाच जोडणीसाठी मेमरी देतो. खोट्या पत्त्यावरच्या यंत्राने कधी काही मागितलेलंच नसतं, त्यामुळे त्याच्याकडून असं अ‍ॅक येत नाही.

लिनक्समध्ये टीसीपी सिनकुकीज या सेटिंगची किंमत १ असेल तर रांग भरल्यावरच कुकीज सुरू होतात. २ ठेवली तर त्या कायम चालतात. १ हीच किंमत बरी, कारण कुकीमध्ये जागा अपुरी असते आणि टाइमस्टॅम्प बंद असतील तर विंडो स्केलिंग व निवडक पोच या वेग टिकवणाऱ्या सोयी हरवतात. लांबच्या ग्राहकांचा वेग त्याने घटतो.

इथे एक फसवी खूण आहे. "पोर्ट ८० वर सिन फ्लडिंगची शक्यता, कुकीज पाठवत आहे" अशा अर्थाची ओळ कर्नलच्या लॉगमध्ये आली म्हणजे हल्लाच झाला असं नाही. अ‍ॅप्लिकेशन जोडण्या वेळेवर उचलत नसेल किंवा सोमॅक्सकॉन ही जोडण्यांच्या रांगेची मर्यादा तोकडी असेल तरी तीच ओळ येते. लिनक्स ५.४ च्या आधी तिची मूळ किंमत जेमतेम १२८ होती, ५.४ पासून ती ४०९६ झाली. ती वाढवली तरी अ‍ॅप्लिकेशनने ऐकण्याचं सॉकेट उघडताना स्वतःची वेगळी मर्यादा दिलेली असते आणि दोन्हींतली लहान तीच लागू होते. वेबसर्व्हरच्या संरचनेत बॅकलॉग (या रांगेची लांबी) वेगळा वाढवावा लागतो तो यामुळेच.

फायरवॉलच जेव्हा पहिली पडते

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे बचावासाठी आणलेली वस्तूच कच्ची कडी ठरते. प्रत्येक जोडणीची अवस्था लक्षात ठेवणारी फायरवॉल प्रत्येक नव्या प्रवाहासाठी तक्त्यात एक नोंद करते. लिनक्सच्या कनेक्शन ट्रॅकिंगमध्ये सिन-रिसीव्ह अवस्थेची नोंद ६० सेकंद टिकते. तक्त्याची मर्यादा २,६२,१४४ असेल आणि खोट्या पत्त्यांवरून सेकंदाला १०,००० सिन येत असतील तर तक्ता सुमारे २६ सेकंदांत भरतो. मग "टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट" असा संदेश लॉगमध्ये धावू लागतो आणि खऱ्या ग्राहकांच्या नव्या जोडण्याही फेकल्या जातात. मागचा वेबसर्व्हर मात्र निवांत असतो. पक्क्या जोडणीची मुदत तर मुळात ४,३२,००० सेकंद, म्हणजे पूर्ण पाच दिवस असते. सार्वजनिक सर्व्हरवर ती तासाभरावर आणायला हरकत नाही.

नुसता तक्ता मोठा करणं हे उत्तर नव्हे. ज्या ट्रॅफिकची अवस्था लक्षात ठेवायची गरजच नाही, ते ट्रॅकिंगच्या बाहेर काढा. डीएनएस सर्व्हरवर पोर्ट ५३ च्या यूडीपी (जोडणी न करता पाठवलेल्या) पॅकेटांना रॉ टेबलमध्येच, म्हणजे ट्रॅकिंगच्या आधी तपासल्या जाणाऱ्या नियमांत, नोट्रॅक (नोंद करू नको) लावा, जाण्याच्या आणि येण्याच्या दोन्ही दिशांना. एकाच दिशेला लावलं तर दुसऱ्या दिशेची पॅकेटं अनोळखी ठरून भलत्याच नियमात अडकतात. टीसीपीसाठी सिनप्रॉक्सी आहे. तो कुकी तपासून झाल्यावरच जोडणी आत सोडतो, त्यामुळे खोटे सिन तक्त्यापर्यंत पोचत नाहीत. पॅकेटांचा दरच प्रचंड असेल तर एक्सडीपी वापरावं. त्यात कर्नल पॅकेटासाठी स्वतःची मेमरी द्यायच्या आधीच, नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरपाशी निकाल लागतो. टाकून द्यायचं पॅकेट जितक्या लवकर टाकाल तितकं ते स्वस्त पडतं.

दुसऱ्याच्या सर्व्हरवरून आलेला पूर

लिंक भरण्यासाठी हल्लेखोराला स्वतःची मोठी लिंक लागत नाही. तो तुमचा आयपी पत्ता प्रेषक म्हणून लिहून तिसऱ्याच एखाद्या सर्व्हरला छोटा प्रश्न विचारतो आणि त्याचं लांबलचक उत्तर तुमच्या दारात येऊन पडतं. यूडीपीमध्ये जोडणी पक्की करण्याचं पाऊल नसल्यामुळे हे जमतं. डीएनएसमध्ये उत्तर साधारण २८ ते ५४ पट मोठं होतं. एनटीपी या घड्याळं जुळवणाऱ्या सेवेच्या जुन्या मॉनलिस्ट आज्ञेत शेवटच्या ६०० ग्राहकांची यादी परत येते आणि वाढ ५५६ पटींपर्यंत जाते. मेमकॅश्ड या तात्पुरता डेटा साठवणाऱ्या सर्व्हरने तर हे सगळं मागे टाकलं, तिथे १०,००० ते ५१,००० पट. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहब या कोड साठवण्याच्या साइटवर याच मार्गाने सेकंदाला १.३५ टेराबिटचा मारा झाला. ट्रॅफिक लगेच गाळणी केंद्राकडे (हल्ल्याचं ट्रॅफिक वेगळं काढणाऱ्या यंत्रणेकडे) वळवलं म्हणून साइट काही मिनिटांतच परत आली.

ओळखण्याची खूण सोपी आहे, कारण येणाऱ्या पॅकेटांचा उगम पोर्ट ठरलेला असतो. डीएनएससाठी ५३, एनटीपीसाठी १२३, सीएलडॅपसाठी (डिरेक्टरी सेवा) ३८९, एसएसडीपीसाठी (जवळची उपकरणं शोधणारी सेवा) १९००, मेमकॅश्डसाठी ११२११. वेबसर्व्हरला बाहेरून यातलं जवळजवळ काहीच लागत नाही, त्यामुळे हे पोर्ट अडवणारे नियम पुरवठादाराकडे आधीच लावून घेता येतात. दोन ठिकाणी मात्र हमखास चूक होते. पहिली, पोर्ट ५३ सरसकट बंद केला की तुमच्या सर्व्हरला स्वतःच्या डीएनएस चौकशीची उत्तरंही मिळत नाहीत. म्हणून ठरलेल्या दोन-तीन रिझॉल्व्हरना (डीएनएसची उत्तरं शोधून देणाऱ्या सर्व्हरना) सूट देऊन मगच बाकीचं बंद करा. दुसरी चूक तुकड्यांची. मोठं यूडीपी उत्तर १५०० बाइटमध्ये मावलं नाही की त्याचे तुकडे होतात आणि पोर्ट क्रमांक फक्त पहिल्या तुकड्यात असतो. पोर्टवर आधारलेला नियम पहिला तुकडा अडवतो आणि बाकीचे सगळे आत सोडतो. नियम लावूनही ट्रॅफिक निम्म्याहून खाली येत नसेल तर तुकड्यांकडे पाहा आणि त्यांच्यासाठी वेगळा नियम लावा.

हा पूर आटवण्याचा मूळ उपाय मे २००० मध्येच आरएफसी २८२७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात लिहून झाला आहे. आपल्या नेटवर्कमधून बाहेर जाणाऱ्या पॅकेटावर आपलाच पत्ता आहे ना, एवढं प्रत्येकाने सीमेवरच तपासायचं. हे सगळीकडे झालं तर खोट्या पत्त्याचे हल्ले उरणारच नाहीत. झालेलं नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण काम सोपं आहे पण फायदा दुसऱ्याचा होतो. निदान आपल्या ताब्यातल्या राउटरवर ते करा. डीएनएस रिझॉल्व्हर फक्त आपल्याच ग्राहकांना उत्तर देतोय ना ते पाहा आणि मेमकॅश्डचं यूडीपी बंद ठेवा. १.५.६ आवृत्तीपासून ते मुळातच बंद असतं.

लिंक भरली असेल तर सर्व्हरवर लावलेला कुठलाही नियम निरुपयोगी आहे. पॅकेट टाकून दिलं तरी ते लिंकवरून येऊन गेलेलं असतं. काम वरच्या बाजूलाच व्हायला हवं. सगळ्यात ढोबळ साधन म्हणजे ब्लॅकहोल. बीजीपीमध्ये (नेटवर्क एकमेकांना वाटा कळवतात ती पद्धत) त्या एका पत्त्याची घोषणा ६५५३५:६६६ ही कम्युनिटी (घोषणेवरची खूण) लावून करायची, मग पुरवठादार त्या पत्त्याचं सगळं ट्रॅफिक स्वतःच्याच नेटवर्कमध्ये टाकून देतो. त्या एका पत्त्यापुरता हल्लेखोराचा हेतू सफल होतो, पण त्याच लिंकवरच्या बाकीच्या सेवा वाचतात. त्याहून नेमकं साधन फ्लोस्पेक. त्यात पोर्ट, प्रोटोकॉल, पॅकेटची लांबी असे निकष देता येतात. तुमचा पुरवठादार ते स्वीकारतो का, हे आधीच विचारून ठेवावं लागतं.

गाळणी केंद्राकडे ट्रॅफिक वळवायचं तर निदान /२४ चा, म्हणजे २५६ पत्त्यांचा पत्तेगट हवा, कारण त्याहून लहान घोषणा इंटरनेटवर सहसा कोणी स्वीकारत नाही. गाळलेलं ट्रॅफिक बहुधा जीआरई बोगद्यातून, म्हणजे दुसऱ्या पॅकेटात गुंडाळून परत येतं. त्याचा २४ बाइटचा बोजा धरला की पॅकेटचा कमाल आकार १५०० वरून १४७६ वर येतो, म्हणून टीसीपीचा सेगमेंट १४३६ वर बांधून घ्यावा लागतो. हे विसरलं की लहान पानं उघडतात आणि मोठी अर्ध्यात लटकतात. मग लोक हल्ला अजून चालूच आहे असं समजून भलतीकडे शोधत बसतात.

मूठभर रिक्वेस्ट, महागडी उत्तरं

अ‍ॅप्लिकेशनवरच्या हल्ल्यात बँडविड्थ जवळजवळ हलतच नाही. लॉगिनच्या पानावर बीक्रिप्ट या मुद्दाम हळू चालणाऱ्या पद्धतीने पासवर्ड तपासायला १०० मिलिसेकंद लागत असतील तर एक कोअर सेकंदाला दहा तपासण्या करतो आणि आठ कोअरचं यंत्र ऐंशी. सेकंदाला ऐंशी रिक्वेस्ट एखादा लॅपटॉपही पाठवतो. शोधपेटी, अहवाल पीडीएफमध्ये काढण्याची सोय, दहा हजार नोंदी एकदम मागू देणारा एपीआय, हे सगळे त्याच जातीचे. म्हणून मर्यादा पानागणिक वेगळी हवी आणि ती महागड्या कामाच्या आधी तपासली गेली पाहिजे. पासवर्डचा हॅश काढून झाल्यावर "फार प्रयत्न झाले" असं सांगण्यात काही हशील नाही.

एनजिनएक्स या वेबसर्व्हरमध्ये ही मर्यादा दर आणि बर्स्ट (एकदम आलेल्या किती जादा रिक्वेस्ट चालवून घ्यायच्या) अशी दोन भागांत देतात. लॉगिनसाठी मिनिटाला दहा आणि बर्स्ट पाच, साध्या पानांसाठी सेकंदाला दहा आणि बर्स्ट वीस इथून सुरुवात करून लॉग पाहत बदल करावेत. ६४ बिटांच्या यंत्रावर एक मेगाबाइट जागेत सुमारे आठ हजार पत्त्यांचा हिशोब मावतो. बॉटनेटला (हल्लेखोराने ताब्यात घेतलेल्या हजारो यंत्रांच्या जाळ्याला) तोंड द्यायचं तर दहा मेगाबाइट म्हणजे ऐंशी हजार पत्ते, एवढी जागा द्यायला हरकत नाही. नकाराचं उत्तर मूळ संरचनेत ५०३ (सेवा उपलब्ध नाही) असतं, ते ४२९ (फार रिक्वेस्ट आल्या) करा. म्हणजे लॉगमध्ये खरा बिघाड आणि अडवलेली रिक्वेस्ट वेगळी दिसते.

आयपी पत्त्यावर मर्यादा बांधताना तीन गोष्टी सांभाळायच्या. मोबाइल नेटवर्कमागे हजारो माणसं एकाच पत्त्यावरून येतात, त्यामुळे फार कडक मर्यादेचा फटका खऱ्या वापरकर्त्यांनाच बसतो. आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीत उलटी गत आहे. एकेका ग्राहकाकडे अख्खा /६४, म्हणजे प्रचंड मोठा पत्तेगट असतो, तेव्हा मोजणी पूर्ण पत्त्यावर न करता /६४ वर करा. आणि प्रॉक्सीच्या (मध्यस्थ सर्व्हरच्या) मागे असाल तर खरा पत्ता फॉरवर्डेड-फॉर हेडरमधून घ्यावा लागतो, पण तो फक्त प्रॉक्सीच्याच पत्त्यांकडून आला तर मानायचा. कोणाचाही हेडर मानला तर हल्लेखोर दर रिक्वेस्टला नवा पत्ता लिहितो आणि मोजणी पुन्हा शून्यावर येते.

स्लोलोरिस हा हल्ला २००९ मध्ये आला, त्याची तऱ्हा याहून निराळी. तो जोडणी उघडतो आणि हेडरची एकेक ओळ दहा-पंधरा सेकंदांनी पाठवत राहतो. रिक्वेस्ट कधी पूर्ण होतच नाही. अपाचे या वेबसर्व्हरच्या प्रीफोर्क पद्धतीत (एका जोडणीला एक वर्कर) मूळ मर्यादा २५६ वर्करची आहे, म्हणजे २५६ जोडण्या झाल्या की सर्व्हर बंद. लॉगमध्येही काही दिसत नाही, कारण नोंद रिक्वेस्ट संपल्यावर होते. रिक्वेस्ट-टाइमआउट मॉड्यूल चालू ठेवा, हेडरला २० ते ४० सेकंद आणि किमान वेग सेकंदाला ५०० बाइट. शक्य असेल तर इव्हेंट पद्धतीवर (एक वर्कर अनेक जोडण्या सांभाळतो) जा किंवा पुढे एनजिनएक्स ठेवा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर झालेला रॅपिड रीसेट हल्ला वेबच्या एचटीटीपी/२ या प्रोटोकॉलमधला. एकाच जोडणीवर रिक्वेस्ट पाठवून लगेच रद्द करायची, की एका वेळी किती रिक्वेस्ट चालू असाव्यात ही मर्यादा कधी गाठलीच जात नाही. सर्व्हर मात्र प्रत्येक वेळी काम सुरू करून बसतो. गूगलने सेकंदाला ३९.८ कोटी रिक्वेस्ट नोंदवल्या. इथे सर्व्हरची आवृत्ती अद्ययावत ठेवणं हाच इलाज.

सीडीएन लावलं, पण मूळ पत्ता उघडाच

सीडीएनच्या (तुमच्या साइटच्या पुढे उभ्या राहणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्याच्या) मागे गेल्यावर हल्लेखोर आधी मूळ सर्व्हरचा पत्ता शोधतो. तो जुन्या डीएनएस नोंदींच्या संग्रहात सापडतो, साइटवरून निघणाऱ्या ईमेलच्या हेडरमध्ये सापडतो, चाचणीसाठी ठेवलेल्या एखाद्या उपडोमेनवर सापडतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी सीडीएन लावा, मग मूळ सर्व्हरचा आयपी बदला, मग त्या नव्या आयपीवर फक्त सीडीएनच्या पत्त्यांना प्रवेश द्या आणि ईमेल वेगळ्या यंत्रणेतून पाठवा. आयपी बदलला नाही तर जुन्या पत्त्यावर पूर येतो आणि सीडीएनला त्याची खबरही लागत नाही.

डीएनएसचा विचार वेगळा करायला हवा. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी मिराई बॉटनेटने डाइन (Dyn) या डीएनएस कंपनीवर हल्ला केला आणि ज्यांचे स्वतःचे सर्व्हर धडधाकट होते अशा कितीतरी साइट उघडेनाशा झाल्या. मिराईने कॅमेरे आणि राउटर पकडले होते ते कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून, टेलनेटवरून. दोन वेगळ्या कंपन्यांकडे नेमसर्व्हर ठेवा आणि दोन्हींकडच्या नोंदी एकाच जागेवरून अद्ययावत होतील अशी सोय करा.

हल्ल्याच्या काळात ज्या गोष्टी हाताशी लागतात त्या हल्ला होत असलेल्या लिंकवर अवलंबून नसाव्यात. सर्व्हरमध्ये शिरायला दुसरा मार्ग हवा, कारण एसएसएच (दुरून लॉगिन करण्याची सोय) त्याच भरलेल्या लिंकवरून जातं. पुरवठादाराच्या नेटवर्क विभागाचा फोन आणि तुमचा ग्राहक क्रमांक कागदावर हवा. स्थितीचं पान दुसऱ्या कुठल्या तरी यंत्रणेवर हवं. क्लाउडमध्ये आपोआप सर्व्हर वाढवण्याची सोय असेल तर तिला वरची मर्यादा घाला, नाहीतर सेवा टिकते आणि बिल बुडवतं. स्वतःच्या मोबाइल अ‍ॅपमधलं पुन्हा प्रयत्न करण्याचं वेळापत्रकही तपासा. दर वेळी थांबण्याचा काळ दुप्पट होत नसेल आणि त्यात थोडा यादृच्छिकपणा नसेल, तर हल्ला थांबल्यावर तुमचेच ग्राहक एकाच क्षणी परत येऊन सर्व्हर दुसऱ्यांदा पाडतात.

चाचणी स्वतःच्या यंत्रणेवरच घ्यायची, तीही होस्टिंग आणि लिंक पुरवणाऱ्यांची लेखी परवानगी घेऊन, कारण वाटेतल्या लिंक इतरांच्याही असतात. लिंक भरून पाहण्याची गरज नसते. लॉगिनच्या पानावर हळूहळू रिक्वेस्ट वाढवत कुठल्या आकड्याला प्रतिसाद लांबतो ते नोंदवलं, सिन कुकीज सुरू झाल्याचा गणक हलतो का ते पाहिलं आणि ब्लॅकहोलची घोषणा एका न वापरलेल्या पत्त्यावर करून दुसऱ्या नेटवर्कवरून तपासली, तर बहुतेक उणिवा दिसतात. हल्ल्यात घाईघाईने लावलेल्या प्रत्येक नियमाला तारीख आणि कारण लिहून ठेवा आणि आठवड्याभराने ते एकेक करून काढा. एखाद्या पत्त्याचं ब्लॅकहोल काढायचं राहून गेलं तर तो पत्ता पुढे नव्या सर्व्हरला दिल्यावर बाहेरून कधीच दिसत नाही, आणि त्या यंत्रावर कितीही शोधलं तरी कारण तिथे सापडत नाही.